मालिंचेच्या वाटेवरचे थांबे

माझ्याकडे एक नक्कल आहे. स्टुटगार्टच्या आसपास जिथे म्हणून चार मराठी माणसं आणि एक मोठं पातेलं जमतं, तिथे ती मी केलेली आहे. गणपतीत केली, दिवाळीच्या फराळाला केली, एकदा तर एका साखरपुड्यात नवरीच्या वडिलांचं भाषण मधेच तोडून केली. फर्माईशच यायची, "अहो, तो फोटोवाला करा ना!" मग मी थोडे आढेवेढे घ्यायचो. आढेवेढे न घेता नक्कल करणारा माणूस मला संशयास्पद वाटतो.

नक्कल अशी. यजमानांच्या सोफ्यावरची उशी शर्टाच्या आत, पाठीवर कोंबायची. झाली सॅक. मग सहा पावलं जडपणे चालायची आणि सातव्याला एकदम थबकायचं. एक हात कमरेवर, दुसरा आभाळाकडे, आणि आवाज असा लावायचा की शेजारच्या जर्मन म्हातारीने खिडकी लावून घ्यावी: "थांबा! उजेड बघा, उजेड!" पाठोपाठ हवेतला कॅमेरा डोळ्याला, एक डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं, दोन सेकंद तसंच उभं राहायचं. क्लिक. पुन्हा सहा पावलं. तिसऱ्या वेळेपर्यंत "उजेड बघा" हे माझ्याआधी प्रेक्षकच ओरडायचे.

ज्याची ही नक्कल, तो माझा मित्र समोर बसून सगळ्यांत जास्त हसायचा. हसता हसता त्याला खोकला यायचा, मग मी त्या खोकल्याचीही नक्कल करायचो.

मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर मी ती नक्कल केली नव्हती. नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधे जे सहा-सात बिनकामाचे दिवस असतात, त्यांतल्या एका दुपारी, परवाच, ती पुन्हा केली. ती कशी केली तेच सांगायचं आहे. पण त्यासाठी तुम्हाला आधी मेक्सिकोला यावं लागेल. गरम कपडे घ्या. मेक्सिको म्हटलं की लोक अर्धी चड्डी आणि रुंद काठाची टोपी घेऊन येतात आणि पहिल्याच पहाटे दात वाजवत उभे राहतात.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच वर्षी जर्मनीत आलो. दोघंही मेकॅनिकल. पहिली दोन वर्षं एका खोलीत, एका कढईत काढली. पुढे तो कारखान्यांच्या उभारणीत गेला आणि मी झडपांमध्ये. म्हणजे गाडीच्या आत इंधन किंवा तेल जिथे हवं तिथेच थांबवणाऱ्या ज्या चिमुकल्या झडपा असतात, त्या. पंचवीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलो आहे: ही गळते का, आणि गळत असेल तर किती? हा तपशील लक्षात ठेवा.

त्याला कंपनीने चार वर्षांसाठी मेक्सिकोतल्या पुएब्लाला पाठवलं. मुलगी गिम्नासियममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात होती, तिचं आबिटूर, म्हणजे इथली बारावी, होईपर्यंत शाळा बदलायची नाही असं ठरलं आणि वहिनी तिला घेऊन इथेच, गेर्लिंगेनला राहिल्या. मग दर डिसेंबरात इथले कारखाने बंद झाले की आमची वरात निघायची: वहिनी, मुलगी, मी आणि हॅम्बर्गवाला. आमची ही कधी आली नाही. डिसेंबर तिच्या आईचा, असं आमच्या लग्नातच ठरलेलं आहे.

हॅम्बर्गवाला हा आमचा तिसरा. विमानं बनवतो, एरवी पावसात राहतो, आणि तो राहतो तिथली सगळ्यांत उंच चढण म्हणजे बंदरावरच्या पुलाचा चढ. त्यामुळे निळं आभाळ आणि उभा डोंगर एकत्र दिसले की हा माणूस अधाशी होतो. प्रत्येक चढाईचा तक्ता करून आणायचा. कुठल्या वळणाला किती वाजता, पाणी कधी, केळं कधी. तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत एकच नियम: एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं.

चढायचो आम्ही तिघंच, वहिनी आणि मुलगी पुएब्लातल्या घरी थांबायच्या. डोंगर म्हणजे मालिंचे. विझलेला ज्वालामुखी. पुएब्लात त्याच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला धूर सोडणारा जिवंत ज्वालामुखी दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला ही मालिंचे, शांत, आडवी पसरलेली. पायथ्याला गाडीतून उतरतो तिथेच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. मग तासभर पाइनचं जंगल. ते संपलं की कमरेएवढं पिवळं गवत, झुबक्याझुबक्यांनी उगवलेलं, सकाळी हिमाने पांढरं आणि नऊ वाजता ओलं. गवत संपलं की वाळूचा उभा उतार. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. त्याच्या माथ्यावर दगडांची धार आणि धारेच्या टोकाला शिखर.

पायथ्याशी एक बाई चुलीवर निळ्या मक्याच्या भाकऱ्या थापायची. खरोखर निळ्या, दौतीतल्या शाईसारख्या. हाताची तऱ्हा अगदी आपलीच. फोटोवाला तिच्याशी सदाशिव पेठी स्पॅनिशमध्ये गप्पा मारायचा. म्हणजे शब्द स्पॅनिश आणि सूर 'हे काय, आज उशीर केलात' असा. ती खुदखुदायची आणि त्याला एक भाकरी जास्त द्यायची. तिथल्या कुत्र्यांपैकी एक पिवळा, एक कान पडलेला कुत्रा दरवर्षी आमच्याबरोबर वर यायचा. बरोबर म्हणजे त्याच्याबरोबर, सगळ्यांत मागून.

पहिल्या डिसेंबरात मला काही कळलं नाही. हा जंगलातच थांबायला लागला. "थांबा, उजेड बघा काय पडलाय!" पन्नास पावलांवर पुन्हा. हॅम्बर्गवाला घड्याळ दाखवून ओरडायचा, "अरे, सूर्य एकच आहे! मघाचाच आहे!" गवतापर्यंत पोचलो तेव्हाच एक वाजला. मागे फिरलो. त्या संध्याकाळी पुएब्लाच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा उशी शर्टात कोंबली. वहिनी ओट्याला टेकून डोळे पुसत होत्या. "पुरे भावोजी, पोट दुखतंय." नकलेचा जन्म तिथला.

दुसऱ्या डिसेंबरात, डोंगरावर जायच्या दिवशी, मी सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकायला गेलो. तो आधीच तिथे होता. ओट्यावर तीन गोळ्या ओळीत मांडलेल्या. मला पाहून त्याने त्यांच्यावर साखरेचा डबा ठेवला, मग स्वतःलाच हसू आल्यासारखा उचलला.

"झडप आहे," तो म्हणाला. "हृदयातली. नीट मिटत नाही. रक्त थोडं उलटं गळतं."

"कुणी सांगितलं?"

"इथल्या डॉक्टरने. ऑपरेशन कर म्हणतोय. थांब, तुला दाखवतो. तुझ्याच खात्यातलं आहे."

त्याने कपाटातल्या डब्यांमागून एक कागद काढला. स्पॅनिशमध्ये छापलेला अहवाल, मधे हृदयाचं चित्र, खाली आकडे. मी तो वाचला. मी तो कसा वाचला हे मला सांगितलंच पाहिजे. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात कागद, चष्मा कपाळावर. कामावर सकाळी टेस्टिंगवाला पोरगा निकाल आणून देतो तेव्हा मी जसा उभा राहून वाचतो, अगदी तसा. स्पॅनिश मला येत नाही. आकडे येतात.

"गळतीचा आकडा कुठला? हा?"

"हा."

"एवढी?" मी म्हणालो. "एवढी गळती आमच्याकडे पास होते रे!"

त्याचा चेहरा जो उजळला! मी मंडळाच्या रंगमंचावर आणि बाहेर लोकांना पुष्कळ हसवलं आहे, पण माझ्या एका वाक्याने एवढा सुखावलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "गेनाऊ! अगदी बरोबर!" असं म्हणत त्याने ओट्यावर थाप मारली. "मीही तेच म्हटलं. दोन-अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे. कंत्राट संपलं की जर्मनीत करून टाकू, आपल्या भाषेत."

'आपल्या भाषेत' म्हणजे जर्मनमध्ये. बघा, माणूस कुठवर येतो.

"वहिनींना?"

"अजिबात नाही. तिला सांगितलंस तर ती मला उद्याच्या विमानात बसवेल, आणि पोरीच्या आबिटूरचं खोबरं. शपथ घे."

"आणि आजचा डोंगर?"

"थांबत थांबत जाईन. फोटो आहेतच." मग तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "तू नक्कल चालू ठेव. लोक हसतात तोवर कुणी काही विचारत नाही."

मी शपथ घेतली. चहाचा कप उंचावून, पल्लेदार आवाजात. तो खो खो हसला. इतकं सोपं होतं ते.

त्या दिवसापासून मी रांगेत सगळ्यांत पुढे चालायला लागलो. त्याच्याबरोबर मागे राहिलो असतो तर हॅम्बर्गवाल्याला संशय आला असता, आणि रांग थांबवायची तर ती पुढूनच थांबवता येते. मी नियम काढला की चालता चालता मला गोष्ट सांगता येत नाही. मागून "उजेड बघा" ऐकू आलं की मी गर्रकन वळायचो, दोन्ही काठ्या जमिनीत रोवायचो आणि सुरू.

"अरे, चालत चालत सांग ना!" हॅम्बर्गवाला वैतागायचा.

"हातवाऱ्यांची गोष्ट आहे. हात काठ्यांत अडकलेत."

"मग डोंगर उतरल्यावर सांग."

"तोपर्यंत तिचा रस जाईल. तर काय झालं, हॉस्टेलचे रेक्टर धोतरात..."

हॅम्बर्गवाल्याच्या खांद्यावरून मला खालचं सगळं दिसायचं. गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला तो, शेजारी बसलेला पिवळा कुत्रा. तो मान वर करेपर्यंत गोष्ट चालू ठेवायची. सुरुवातीला लहान गोष्टी पुरायच्या. तिसऱ्या डिसेंबरात मला रेक्टरांचं दुसरं लग्न लावावं लागलं. मेलेली माणसं जिवंत केली, एका चोराला तर दोनदा पकडलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या गोष्टी मी त्या वाटेवर सांगितल्या आहेत, आणि ऐकायला एकच माणूस, तोही घड्याळ बघणारा. तिसऱ्या वर्षी आम्ही गवताच्या वरच्या काठापर्यंत पोचलो आणि एक वाजला.

चौथा डिसेंबर शेवटचा. उन्हाळ्यात त्याचं कंत्राट संपणार होतं. पायथ्याशीच हॅम्बर्गवाल्याने माझ्या छातीवर बोट ठेवलं. "हे बघ. या वेळी गोष्टी बंद. एक जरी शब्द काढलास तर तुला त्या चुलीवर बसवीन." निळ्या भाकरीवाली बाई काही न कळताही हसली.

दिवस असा होता की तसा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता. वारा नाही, ढग नाही. धूर सोडणारा तो दूरचा डोंगरसुद्धा त्या दिवशी नुसती पांढरी रेघ सोडत होता. गवताच्या वरच्या काठाला आम्ही साडेदहालाच पोचलो. समोर वाळूचा उतार, वर धार, आणि धारेवर मुंगीएवढी माणसं, शिखराकडे चाललेली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

मागून फोटोवाला आला. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुम्ही दोघं जाऊन या. मी इथे गवतात बसतो. उजेड चांगला आहे."

"नक्की?" मी विचारलं.

एकदाच विचारलं. आणि अशा आवाजात विचारलं की त्याला 'हो' शिवाय काही म्हणताच येऊ नये. आवाज कसा लावायचा हे मला कळतं. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या श्वासाने चाललो होतो, आणि मला शिखर हवं होतं. हे वाक्य लिहायला मला नऊ महिने लागले.

"हो रे," तो म्हणाला. "पळा."

आम्ही पळालो. म्हणजे त्या वाळूत जेवढं पळता येतं तेवढं. मी पुढे, लाल जाकीट, मागे हॅम्बर्गवाला काळ्या जाकिटात. मी एकही गोष्ट सांगितली नाही. मागे वळलो नाही. सव्वाबाराला आम्ही वर होतो. हॅम्बर्गवाला लहान मुलासारखा ओरडत होता, आम्ही मिठी मारली, चिवड्याची पुडी फोडली आणि वहिनींनी तिघांसाठी दिलेला चिवडा दोघांनी संपवला. मी आयुष्यात इतक्या आनंदात क्वचितच राहिलो असेन. ते खोटं सांगण्यात अर्थ नाही.

खाली आलो तेव्हा तो गवतात बसलेला होता, जिथे सोडला होता तिथेच. कुत्रा मांडीशी. त्याच्या ओठांचा रंग सकाळच्या भाकरीसारखा होता.

"किती वेळ लावलात!" तो म्हणाला. "कुत्र्यालासुद्धा कंटाळा आला. कसं होतं वर?"

"काही खास नाही," मी म्हणालो. "उजेड कमी होता."

तो हसला. आम्ही उतरलो.

उन्हाळ्यात तो परत आला. इथल्या डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून तपासलं आणि वहिनींना त्याने असं दाखवलं की ही भानगड इथेच, आत्ताच सापडली. मी समोर बसलो होतो. मीही "अरे बापरे" म्हणालो, आणि चांगलं वठवलं. ऑपरेशनला पुढच्या एप्रिलमधला टर्मीन मिळाला, म्हणजे तारीख. त्याच्या तीन आठवडे आधी, सकाळी कामाला निघताना, दारात बूट घालायला वाकला आणि तिथेच.

हे झालं मेक्सिको. आता परवाची दुपार.

वहिनींनी मला आणि हॅम्बर्गवाल्याला बोलावलं होतं. "डिसेंबर आहे," फोनवर म्हणाल्या, "कुठेतरी चालून येऊ." मुलगी बॉनहून आली होती. तिथे शिकते आता. गेर्लिंगेनच्या वरच्या जंगलात आम्ही तास-दीड तास चाललो. ओली पानं, राखाडी आभाळ, बर्फाचा पत्ता नाही. कुणी फोटो काढला नाही. हॅम्बर्गवाल्याने तक्ता आणला नव्हता. मला बोलायला काही सुचत नव्हतं, आणि हे लक्षात येऊन बाकीचे तिघंही अवघडले होते.

घरी आल्यावर वहिनींनी कॉफी केली, नाताळच्या बिस्किटांशेजारी चिवडा ठेवला. मुलीने बाबाच्या कॅमेऱ्यातलं कार्ड टीव्हीला लावलं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो, कारण माझ्या डोक्यात ते तसंच राहिलं आहे.

"काका, आधी बाबाची नक्कल कर ना," ती म्हणाली. "मी शेवटची पाहिली त्याला दोन वर्षं झाली."

"नंतर," मी म्हणालो. तिला ते आढेवेढे वाटले.

फोटो सुरू झाले. पहिला बुटांचा. दुसरा बुटांचा. तिसऱ्यात अर्धा अंगठा. मग गवत, हललेलं. मग कुत्र्याचा पडका कान. मग पुन्हा बूट.

"हा कसला उजेड?" हॅम्बर्गवाला हसला. "चार वर्षं आम्हाला याच्यासाठी थांबवत होता?"

मुलगी बटण दाबत राहिली. बूट, गवत, जमीन. मधून मधून आमच्या पाठी. लाल पाठ आणि काळी पाठ, वळलेल्या, लहान होत गेलेल्या. हॅम्बर्गवाल्याचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. पण मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने कप खाली ठेवलेला होता.

शेवटच्या डिसेंबरचे फोटो आले. गवताचा वरचा काठ. आमच्या दोन पाठी, वाळूवर नुकत्याच चढलेल्या. आता गवताचे फोटो येतील म्हणून मी बघत होतो. आली ती वाळू. वाळूत त्याचे बूट. मग पुन्हा वाळू, उभी.

हॅम्बर्गवाला उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. "हा गवतातून काढलेला नाही," तो म्हणाला. "हा काळा दगड बघ. हा उताराच्या अर्ध्यावर आहे. हा... हा आमच्या मागून चढत होता."

"हे तर म्हणाले होते, गवतात बसलो होतो," वहिनी म्हणाल्या.

"आम्हालाही तेच म्हणाला."

मुलीने पुढचा दाबला. धार, आणि धारेवर दोन ठिपके, एक लाल. पुढच्यात नुसती धार. पुढच्यात वाळू, बूट, वाळू. चार-पाच फोटो एकाच जागेचे. शेवटचा कुत्र्याचा होता. तो दहा-बारा पावलं वर जाऊन थांबला होता आणि वळून खाली, कॅमेऱ्याकडे बघत होता.

मुलीने तो तसाच ठेवला.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "ती नक्कल करा."

या वेळी मी आढेवेढे घेतले नाहीत. सोफ्यावरची उशी घेतली, शर्टात मागे कोंबली. सहा पावलं चाललो. थांबलो. "थांबा! उजेड बघा, उजेड!" आवाज बरोबर लागला, तो दगाबाज नेहमीच लागतो. कॅमेरा, एक डोळा मिटलेला, दोन सेकंद. क्लिक.

मुलगी हसली, डोळ्यांत पाणी घेऊन. वहिनी हसल्या नाहीत.

"हे खरंच एवढंच थांबायचे?"

माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. म्हटलं असतं तर दुपार निभली असती. बिस्किटं होती, कॉफी होती, रेक्टरांच्या गोष्टी होत्या. या घरात मी भावोजी होतो, काका होतो, हसवणारा होतो, आणि तसाच राहिलो असतो. मी टीव्हीवरच्या त्या कुत्र्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर सगळ्यांत पुढे असायचात."

मग मी सांगितलं. पाठीवर उशी तशीच ठेवून, उभ्यानेच. साखरेच्या डब्याखालच्या गोळ्या सांगितल्या, डब्यांमागचा कागद सांगितला, शपथ सांगितली. गोष्टी कशासाठी लांबवत होतो ते हॅम्बर्गवाल्याला सांगितलं. चौथ्या डिसेंबरात एकही लांबवली नाही तेही सांगितलं. हात मुद्दाम खिशात ठेवले होते, नाहीतर हातवारे झाले असते.

"साल्या," हॅम्बर्गवाला हळूच म्हणाला. एवढंच.

वहिनी खुर्चीत सरळ बसल्या होत्या. "म्हणजे तो रिपोर्ट तुम्ही वाचलात."

"हो."

"मी नाही वाचला."

"नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात? तेच शब्द सांगा."

"एवढी गळती आमच्याकडे पास होते, म्हणालो."

मुलीने आईचा हात धरला. वहिनींनी तो सोडवून घेतला, कपात उरलेल्या कॉफीकडे पाहिलं आणि कप दूर सरकवला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "जा" म्हणाल्या असत्या तर गेलो असतो. मी दाराकडे पाहिलंही. दारात अजून त्याच्या बुटांची जागा रिकामी ठेवलेली आहे.

"मार्चपासून मी स्वतःला विचारतेय, मला कसं दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "मी इथे, हे तिथे. पण डिसेंबरात तर मी तिथे असायचे. मी तुमची नक्कल बघून हसत होते."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पुन्हा करा," वहिनी म्हणाल्या. "आणि या वेळी ते खरंच जेवढं थांबायचे तेवढं थांबा."

मी हात खिशातून काढले. सहा पावलं चाललो. थांबलो. "थांबा," म्हणालो, "उजेड बघा, उजेड," पण आभाळाकडे हात केला नाही, कारण तो कधीच करत नसे. तो हातवारा माझा होता, मी हशासाठी घातलेला. कॅमेरा खाली धरला, बुटांकडे. क्लिक. मग वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, तसा तो दोन वर्षं मला हॅम्बर्गवाल्याच्या खांद्यावरून दिसत होता, आणि तसाच राहिलो.

दोन सेकंद झाले. दहा झाले. बाहेर एक गाडी पार्क झाली, तिचं दार लागलं. उशी पाठीवरून घसरली, मी ती सावरली नाही. मला फक्त गालिचा दिसत होता आणि माझे मोजे. प्रेक्षकांसमोर इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प राहिलेलो नाही. स्वयंपाकघरात कॉफीचं यंत्र टकटक करत गार होत होतं. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. माझा असेल. पाठ दुखायला लागली, मांड्या थरथरायला लागल्या, आणि मला आठवलं की इथपर्यंत आल्यावर साधारण रेक्टरांचं दुसरं लग्न लागायचं आणि वरात निघायची.

"झालं?" मुलीने विचारलं. तिने हे मराठीत विचारलं.

मी मान वर केली नाही.

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही."